जहाजाच्या पत्र्यावरचा लाल रंग: शेंदूर की गेरू?

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना आहे. जुनी जहाजे तोडण्याचे काम इथे अनेक दशके चालत आले. जहाजाच्या पोलादाला गंज लागू नये म्हणून लाल प्राइमर देत. तो लाल रंग दोन प्रकारचा असू शकतो. एक शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड (मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर तो हाच). दुसरा गेरू, म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. जुन्या, मळक्या पत्र्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण शेंदराचा पत्रा गॅस कटरने कापला की शिशाचा धूर कामगाराच्या छातीत जातो. म्हणून फरक कळायला हवा.

बारावीच्या प्रयोगशाळेतली रसायने इथे कामी येतात. खरवडलेल्या भुकटीवर विरल नायट्रिक आम्ल घालून कोमट करायचे. शेंदूर असेल तर लाल रंग जाऊन तपकिरी होतो. शेंदरातले दोन तृतीयांश शिसे आयन होऊन द्रावणात उतरते, उरलेले तपकिरी लेड डायऑक्साइड होऊन तळाशी बसते. गाळलेल्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले की पिवळा साका पडतो. पिवळा साका चांदीचे आयनही देतात. पण शिशाचा साका भरपूर पाणी घालून उकळला की विरघळतो, आणि थंड होताना सोनेरी चकत्या होऊन परत येतो. हे दृश्य एकदा पाहिलेला विद्यार्थी विसरत नाही.

गेरूतले लोखंड शोधायला पोटॅशियम थायोसायनेट पुरते; द्रावण रक्तासारखे लाल होते.

खरी गोम आहे ती दोन्ही रंग मिसळलेले असताना. लोखंडाचे आयन आयोडाइडमधून आयोडीन मोकळे करतात, द्रावण तपकिरी होते आणि पिवळा साका त्यात झाकला जातो. अशा वेळी आधी विरल सल्फ्युरिक आम्ल घालतात. शिसे पांढरा साका होऊन खाली बसते, लोखंड वर द्रावणात राहते.

रंगाच्या पापुद्र्यात शिसे भरपूर असते, म्हणून ही चाचणी चालते. पिण्याच्या पाण्याला ती लावू नये. भारतीय मानकाप्रमाणे त्यात लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमच शिसे चालते. मर्यादेच्या कितीतरी पट शिसे असले तरी परीक्षानळी स्वच्छच दिसू शकते. पाण्याचा नमुना यंत्र असलेल्या प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.