दिसतं तसं नसतं!

मेसच्या रव्यात किंवा मैद्यात तांबूस भुंगे निघाले की आपण चाळून मोकळे होतो. कोण कुठला, याची चौकशी कोण करतो? पण मंडळी, जेमतेम साडेतीन मिलिमीटरच्या या किड्यांत दोन जाती हमखास सापडतात : ट्रायबोलियम कॅस्टॅनियम आणि ट्रायबोलियम कन्फ्यूजम. दुसऱ्याच्या नावातच गोंधळ आहे! भिंगातून पाहिलं तर कॅस्टॅनियमच्या मिशीची शेवटची तीन पेरं एकदम जाड दिसतात, कन्फ्यूजमची हळूहळू जाड होत जातात. गोदामवाल्याला हा फरक हवा असतो, कारण कॅस्टॅनियम उबदार हवेत उडून शेजारच्या गोदामात जातो, तर कन्फ्यूजम सहसा उडत नाही आणि थंड प्रदेशातही टिकतो. मात्र हाती नुसती अंडी किंवा अळ्या लागल्या तर मिशी बघणार कुठे?

इथे मायटोकॉन्ड्रिया (शाळेतली तंतुकणिका) उपयोगी पडते. पेशीच्या या पॉवर हाऊसकडे स्वतःचा वेगळा डीएनए असतो. मदरबोर्डवर एखाद्या चिपचा स्वतंत्र रॉम असावा, तसा. किड्यांमध्ये तो साधारण १५-१६ हजार अक्षरांचा, जनुकं फक्त ३७. केंद्रकातल्या डीएनएच्या पेशीत दोनच प्रती, याच्या मात्र शेकडो. म्हणून तुटका पाय किंवा अळीने टाकलेली कातसुद्धा बरेचदा पुरते. शिवाय तो फक्त आईकडून येतो आणि भराभर बदलतो, त्यामुळे जवळच्या जातींतही फरक साठलेला असतो. २००३ मध्ये कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी त्यातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा तुकडा प्राण्यांच्या ओळखीसाठी बारकोडसारखा वापरावा असं सुचवलं. आज किड्यांसाठी प्रचलित तुकडा आहे ६५८ अक्षरांचा. आपले दोन भुंगे त्यात सरळ वेगळे पडतात. दिसायला जुळे, पण आतून बरेच लांबचे : कॅस्टॅनियमला गुणसूत्रांच्या १० जोड्या, कन्फ्यूजमला ९!

खरी कसोटी लागते ती खापरा भुंगेऱ्याच्या बाबतीत. हा मूळचा भारतीय उपखंडातला मानला जातो. त्याची केसाळ अळी फटीत दडून अन्नाशिवायही काही वर्षं तग धरते. १९५३ मध्ये तो कॅलिफोर्नियात सापडला आणि तो निपटून काढायला अमेरिकेला मोठी मोहीम काढावी लागली. तेव्हापासून तिकडे बंदरावर त्याची एक अळी दिसली तरी माल अडतो. अडचण अशी की ट्रोगोडर्मा या त्याच्याच प्रजातीतल्या, कमी धोक्याच्या भाऊबंदांच्या अळ्या जवळपास तशाच दिसतात. तज्ज्ञाला तोंडाचे भाग सोडवून मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात, आणि नमुना तुटका असला तर तेही जमत नाही. चुकून खापरा ठरवला तर तांदळाच्या व्यापाऱ्याचं नुकसान, चुकून सोडला तर त्या देशाचं. अशा वेळी ती काही शे अक्षरं फार मोलाची ठरतात.

पण या पद्धतीवर डोळे झाकून विसंबणं मला पटत नाही. एक तर तिला आईचंच कूळ दिसतं. संकर झाला असेल तर बापाचा पत्ता लागत नाही. दुसरं म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांचे तुकडे कधी कधी केंद्रकात जाऊन बसलेले असतात. मशीनने चुकून तेच वाचले तर निकाल फसतो.

आणि गोदामवाल्याचा खरा प्रश्न वेगळाच असतो : गोळ्या ठेवल्या तर किडा मरेल का? ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू मायटोकॉन्ड्रियाच्याच कामावर घाला घालतो. त्याला दाद न देणारे कॅस्टॅनियम भारतातल्या गोदामांतही सापडले आहेत. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी या प्रतिकारामागचं एक महत्त्वाचं जनुक शोधलं, डीएलडी नावाचं. त्याचं एन्झाइम काम करतं मायटोकॉन्ड्रियात, पण जनुक बसलंय केंद्रकात! म्हणजे बारकोड अगदी सारखा असलेल्या दोन भुंग्यांपैकी एक त्याच गोळीने मरेल आणि दुसरा खुशाल पोत्यात फिरत राहील. त्याच्यासाठी डीएलडीची तपासणी वेगळी करावी लागते.