वाळवंटातील दहा चित्रांचे दान

दानपत्र लिहून देणाऱ्याजवळ देण्याजोगे काही असावे लागते, हा पेढीवरचा साधा हिशेब आहे. ज्याची भूमी गेली, पाणवठे दुरावले आणि आप्त पांगले, त्याने दान कशाचे करावे? पश्चिम ऑस्ट्रेलियातील स्पिनिफेक्स लोकांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते देण्याघेण्यात आयुष्य वेचणाऱ्या आपल्या समाजाने अवश्य पाहावे असे आहे. त्यांनी दहा चित्रे दिली. आणि तीही राज्यातील समस्त जनतेला.

या लोकांचा मुलूख म्हणजे ग्रेट व्हिक्टोरिया वाळवंट. तांबड्या वाळूच्या लांबच लांब टेकड्या, आणि त्यांवर स्पिनिफेक्स नावाच्या टोकदार, राळयुक्त गवताचे झुबके. बारमाही नदी कोठेही नाही. पावसाचे पाणी खडकांतील खळग्यांत साठते, त्यावरच माणसांचा व पशुपक्ष्यांचा निर्वाह. कोणता खळगा कोठे आहे, त्यात पाणी केव्हा सापडते, त्याची निगा कोणी राखावयाची, हे ज्ञान हीच तेथील संपत्ती. ते कागदावर नव्हते. गाण्यांत होते, नृत्यांत होते, वाळूवर बोटाने काढलेल्या आकृतींत होते. आदिकाळी पूर्वजांनी संचार करून ही भूमी घडविली आणि तिचे नियम घालून दिले, या परंपरेला ते ‘जुकुर्पा’ म्हणतात. तीत कथा व कायदा दोन्ही येत असल्यामुळे आपण तिला धर्म म्हटले तर फारसे चुकणार नाही.

१९५३ मध्ये ब्रिटिशांनी शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात ईमू फील्ड येथे, आणि १९५६ व १९५७ मध्ये मारलिंगा येथे अणुस्फोट घडवून आणले. लहान प्रयोग तर १९६३ पर्यंत चालूच होते. अफाट मुलखात हिंडणाऱ्या लोकांस सावध करण्यासाठी गस्तीवर अधिकारी होते अवघे एकदोन! बहुतेक लोक दूर नैर्ऋत्येकडील कंडीली येथील मिशनमध्ये जाऊन राहिले. तरीही एक कुटुंब १९८६ पर्यंत बाह्य जगाच्या संपर्काविना वाळवंटातच जगत होते. त्याच दशकात इतरांनी परतीची वाट धरली आणि जुंटजुंटजारा येथे नवी वस्ती उभी राहिली.

परंतु परतणे निराळे आणि हक्क निराळा. ब्रिटिश आले तेव्हा हा खंड कोणाच्याही मालकीचा नव्हता, ही जुनी कल्पना तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ‘माबो’ खटल्यात टाकून दिली आणि १९९३ मध्ये मूळ रहिवाशांच्या भूमिहक्कासंबंधी कायदा झाला. आता भूमीशी आपले नाते टिकून आहे हे सिद्ध करावयाचे होते. पण ज्यांच्याजवळ ना खरेदीखत ना सातबाराचा उतारा, त्यांनी पुरावा कोणता मांडावा?

१९९७ मध्ये त्यांनी कापड पसरून रंग हाती घेतले. पुरुषांनी मिळून एक चित्र काढले, स्त्रियांनी मिळून दुसरे. शिवाय अनेकांनी आपापली वेगळी काढली. ज्याचा जन्म ज्या पाणवठ्याजवळ, त्याने तो पाणवठा रंगवावा. दुसऱ्याच्या स्थळाला हात लावू नये. एकात एक वर्तुळे म्हणजे पाण्याची स्थळे, त्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे पूर्वजांच्या वाटा. ठिपक्यांची ती शोभा परक्यास नुसते नक्षीकाम वाटावी. जाणत्यास मात्र त्यात चतुःसीमा, वारस आणि जबाबदारी हे सारे वाचता येते. जे गुप्त राखावयाचे ते अर्थातच त्यात उघड केलेले नाही. सर्वस्व दाखविल्यावाचूनही पुरावा देता येतो, हे आपल्या वकिलांनी ध्यानात घेण्याजोगे!

नोव्हेंबर २००० मध्ये संघराज्य न्यायालयाने, राज्य सरकारच्या संमतीने, सुमारे ५५,००० चौरस किलोमीटर भूमीवरील त्यांचा हक्क मान्य केला. म्हणजे आपल्या बेळगावी जिल्ह्याची चौपट. या मान्यतेच्या प्रीत्यर्थ त्यांनी आपली दहा मोठी चित्रे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जनतेस अर्पण केली आणि ती राज्याच्या संग्रहालयात गेली. वाळवंटी चित्रकलेला बाजारात भारी मोल मिळते. ही दहा मात्र विकली नाहीत.

येथे कोणी व्यवहारी गृहस्थ विचारील, की भूमी मिळाली म्हणून चित्रे दिली, मग हे दान कसले, हा तर विनिमय झाला. शंका रास्त आहे. आपल्या शास्त्रकारांनीही फळाची अपेक्षा हा दानाचा दोष मानला आहे. तिकडे या प्रकाराला ‘नगापर्जी नगापर्जी’ असा शब्द आहे. तू मला दे, मी तुला देतो, असा त्याचा भाव. पण जमाखर्च नीट मांडून पाहावा. सरकारने दिले ते मुळात त्यांचेच होते. त्याबद्दल त्यांचे काही देणे निघत नव्हते. तरीही त्यांनी दिले. आणि जे दिले, त्यात त्या भूमीच्या निगेचे नियमच रंगविलेले होते. संग्रहालयात ती चित्रे ठेवणाऱ्या राज्याला ती भूमी ओसाड आहे असे पुन्हा कोणत्या तोंडाने म्हणता येईल? माझ्या मते या दानाचे खरे मर्म येथे आहे; घेणाऱ्याच्या खात्यावर एक कर्तव्य कायमचे नावे पडले.

निगेचे काम आता स्पिनिफेक्स रेंजर म्हणून ओळखले जाणारे त्यांचेच लोक करतात. राळेमुळे ते गवत भडाभडा पेटते आणि उन्हाळ्यात वीज पडून लागलेला वणवा मैलोगणती पसरतो. यास्तव थंडीच्या दिवसांत लहान लहान पट्टे बेताने जाळून मोठ्या आगीची वाट तोडण्याची जुनी रीत ते चालवितात. अग्नीने जीवरक्षण, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. पण त्या न जळलेल्या झुडपांच्या आधाराने ‘नगानामारा’ नावाचा पक्षी राहतो. त्याचा नर पालापाचोळा व वाळू यांचा मोठा ढीग रचतो, मादी त्यात अंडी घालते आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर ती उबतात. नर चोच खुपसून ऊब पाहतो. वाळू कधी काढतो, कधी वर ओढतो, आणि महिनोन्महिने त्या ढिगाची राखण करतो. रेंजर वर्षानुवर्षे हे ढीग शोधीत हिंडतात आणि कोणता ढीग वापरात आहे याची नोंद ठेवतात.