आई-बाबांच्या गोळ्या कोणत्या कॉलमात?

वर्षातून एकदा एचआरचा तो मेल येतोच. ‘एनरोलमेंट विंडो ओपन आहे, पॅरेंट्स अ‍ॅड करायचे असतील तर अमुक तारखेच्या आत.’ मग लंच टाइममध्ये एकच चर्चा, ‘तू कुठला प्लॅन घेतलास?’ आणि शेजारच्याने जो घेतला तोच टिक करून मंडळी मोकळी! पण शेजारच्याचे बाबा पंचावन्नचे, रोज सकाळी पार्ल्यात बॅडमिंटन खेळणारे. माझे बहात्तरचे, मुरबाडच्या पुढे धसईकडे राहणारे, बीपी आणि शुगर दोन्ही सांभाळणारे. दोघांना एकच प्लॅन कसा चालेल?

म्हणून यंदा फॉर्म भरण्याआधी मी कल्याणहून एसटी पकडली, घर गाठलं आणि बाबांचा गोळ्यांचा डबा उघडला. महिना संपत आला तरी अर्ध्या गोळ्या शिल्लक! ‘अरे, एक दिवसाआड घेतो. बरं वाटतंय ना? उगाच तुझे पैसे कशाला घालवायचे?’ शहापूरच्या माझ्या ऑफिसमैत्रिणीकडेही हेच. तिची आई गोळी मोडून अर्धीच घेते. बीपी मात्र गुपचूप वाढतं. काही जाणवत नाही, आणि एक दिवस थेट पॅरालिसिसचा झटका.

पॉलिसी खाटेची, गोळीची नाही

आपल्याकडची बहुतेक हेल्थ पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावर जागी होते. अ‍ॅडमिट होण्याआधीचे आणि डिस्चार्जनंतरचे काही दिवस औषधांचे पैसे मिळतात, बस्स. रोजची गोळी आपल्या खिशातून. बाबांचं मेडिकलचं बिल महिन्याला १,८०० रुपये, म्हणजे वर्षाला २१,६०० रुपये. हा आकडा हातात असला की एचआरला नेमके प्रश्न विचारता येतात. ओपीडी कव्हर आहे का? त्यात औषधं धरतात का? लिमिट किती? बिल लावून पैसे मिळतात की ठरावीक मेडिकलमधूनच घ्यायची? ते मेडिकल ठाण्यात असेल तर धसईला काय उपयोग? समजा, ओपीडीसाठी जादा ६,००० रुपये भरून १०,००० रुपयांपर्यंतची औषधं मिळत असतील, तर फायदा जास्तीत जास्त ४,००० रुपयांचा. जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का आणि को-पे किती, हेही विचाराच.

आई-बाबा की सासू-सासरे?

अनेक कंपन्या दोन्हीपैकी एकच जोडी घेऊ देतात. घरात युद्धच! मैत्रिणीने मस्त तोडगा काढला. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. तिचे सासू-सासरे सत्तरीपुढचे, त्यांचं कार्ड आधारवर काढलं. तिचे आई-बाबा साठीतले, ते कंपनीच्या पॉलिसीत. कार्ड योजनेतल्या हॉस्पिटलांतच चालतं, तेव्हा जवळचं कुठलं ते आधी बघा. आणि रोजच्या गोळ्या यातही नाहीत. डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचीच औषधं मिळतात.

नोकरी सुटली की कंपनीचं कव्हरही सुटतं, हे लक्षात ठेवा. स्वतंत्र पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बरी बातमी म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक पॉलिसीच्या प्रीमियमवर जीएसटी नाही. ग्रुप पॉलिसीला मात्र ही सूट नाही.

मग गोळ्यांचं काय?

त्यासाठी फॉर्मबाहेर पडावं लागतं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, गावाजवळचं आरोग्य केंद्र, इथे बीपी-शुगरच्या गोळ्यांची चौकशी करा. तिथे साठा नसेल तर जन औषधी केंद्र. कंटेंट तोच, किंमत बऱ्याचदा निम्म्याहून कमी. चिठ्ठी दाखवून डॉक्टरांना विचारा आणि मगच ब्रँड बदला. घरच्या ज्येष्ठांचा विमाच नसेल तर जुन्या करपद्धतीत त्यांच्या औषधोपचारावरच्या ५०,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट मिळते. बिलं जपा आणि पैसे रोख देऊ नका.

यंदा मी ओपीडीवर टिक केलं नाही. अ‍ॅडमिशनचं कव्हर घेतलं, बाबांचं वय वंदना कार्ड काढलं, आणि डॉक्टरांना विचारून गोळ्या जन औषधीतून सुरू केल्या. आता महिन्याला पाचशेच्या आसपास भागतं. बाबांना आकडा सांगितला. म्हणाले, ‘एवढंच होय? मग रोज घेतो की!’