कर्जत-खालापूर : संशोधनाच्या तीन वाटा

भोर घाटाच्या पायथ्याशी वसलेले कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील दोन तालुके होत. जिल्ह्याला विस्तीर्ण सागरकिनारा लाभला असला, तरी या तालुक्यांच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. सह्याद्रीचे उभे कडे, वर्षाकाठी पडणारा तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, भाताची खाचरे, उतारांवरील ठाकर व कातकरी वाड्या आणि उल्हास व पाताळगंगा या नद्या, हे या भूमीचे रूप. मुंबई-पुणे लोहमार्गावरील प्रवाशाला हा प्रदेश पावसाळी सहलीचे ठिकाण म्हणून परिचित आहे. अभ्यासकांना मात्र तो शंभर वर्षांहून अधिक काळ संशोधनाचे क्षेत्र म्हणून खुणावत आला आहे.

या संशोधनाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील विविधता. जीवशास्त्रज्ञ, अभियंता आणि समाजशास्त्रज्ञ हे तिघे एकाच डोंगराकडे पाहतात. परंतु तिघांचे प्रश्न निराळे, पुरावा गोळा करण्याची रीत निराळी आणि निष्कर्षाला लागणारा काळही निराळा. एका शास्त्राचे उत्तर दुसऱ्याला का पुरत नाही, आणि ही उत्तरे एकत्र आली नाहीत तर काय घडते, हे समजून घेण्यास या दोन तालुक्यांतील उदाहरणे फार उपयोगी आहेत.

खाचरातील प्रयोगशाळा

कर्जत येथे भात संशोधनास 1919 साली प्रारंभ झाला. आज हे केंद्र ‘प्रादेशिक कृषि संशोधन केंद्र’ म्हणून ओळखले जाते आणि 1972 मध्ये दापोली येथे स्थापन झालेल्या कोकण कृषि विद्यापीठाच्या अखत्यारीत काम करते. ‘कर्जत 184’, ‘कर्जत 3’, ‘कर्जत 7’ ही त्याच्या वाणांची नावे कोकणातील शेतकऱ्यांना परिचित आहेत. 1998 मध्ये येथूनच ‘सह्याद्री’ हा संकरित वाण प्रसारित झाला.

नवा सरळ वाण निर्माण करणे हे मोठ्या धीराचे काम असते. दोन निवडक वाणांचा संकर केल्यावर पुढील पिढ्यांत गुणांची सरमिसळ होते. ती स्थिर होईपर्यंत पिढ्यानपिढ्या निवड करावी लागते आणि त्यात अनेक वर्षे जातात. पुढे चाचणीचा टप्पा येतो. एका खाचरात पीक जोमदार आले, एवढ्यावरून वाण चांगला असे शास्त्र मानीत नाही. ते श्रेय बियाण्याचे की त्या खाचराच्या मातीचे, हे ठरवायचे कसे? यासाठी प्रत्येक वाण अनेक लहान वाफ्यांत, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे विखरून लावतात आणि मिळालेल्या उत्पन्नाची तुलना संख्याशास्त्राच्या साहाय्याने करतात. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषि केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी 1920 नंतरच्या दशकात ही पद्धत विकसित केली आणि पुढे जगभर तिचा स्वीकार झाला.

शेतकऱ्यांच्या जुन्या रूढीदेखील अशा कसोटीवर तपासता येतात. रोपे तयार करण्यापूर्वी पालापाचोळा, टहाळ व शेण पसरून जमीन भाजण्याची ‘राब’ पद्धत कोकणात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. टहाळासाठी झाडे छाटली जातात, म्हणून वन खात्याला ती खटकत असे. शेतकरी मात्र ती सोडण्यास तयार नव्हता. पुणे येथील कृषि महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला व 1912 मध्ये त्यावर शास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला. जमीन भाजल्याने केवळ राख मिळत नाही; तणांचे बी नष्ट होते आणि मातीतील अन्नांश रोपांना सुलभ होतात. रूढीमागील कारण कळले की तिला पर्याय शोधणेही शक्य होते.

डोंगरावरील वनस्पतींचा अभ्यास हे जीवशास्त्राचे आणखी एक दालन. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी घाटमाथ्यावरील खंडाळा परिसर पायाखाली घातला आणि तेथील वनस्पतींचा ग्रंथ 1953 मध्ये सिद्ध केला. येथे वाफे नाहीत, आकडेमोडही थोडी. तोच उतार वेगवेगळ्या ऋतूंत पाहणे, नमुना जमविणे व त्याची ओळख पटविणे, ही या संशोधनाची रीत. उतारावरील कारवी साधारणतः आठ वर्षांतून एकदा सामुदायिक बहरते. तिचा एक बहर हुकला, तर अभ्यासकाला पुढील बहरासाठी आठ वर्षे थांबावे लागते!

पाण्याचे गणित

अभियंत्याचा प्रश्न वेगळा असतो. निसर्गात काय आहे, याबरोबरच त्यातून काय उभे करता येईल, हे त्याला ठरवायचे असते. खालापूर तालुक्यातील खोपोलीचे जलविद्युत केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण. जमशेटजी टाटा यांचे हे स्वप्न त्यांच्या निधनानंतर साकार झाले. 1910 साली कंपनी स्थापन झाली आणि 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली. पुढे 1922 मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे दुसरे केंद्र सुरू झाले.

त्यामागील हिशेब कोणालाही पडताळून पाहता येईल असा आहे. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण व शिरवटा येथे साठविलेले पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणले जाते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली येताना सिद्धान्ततः 1.36 युनिट वीज देऊ शकते. यंत्रांतील घट वजा जाता हाती येते ती याहून काही कमी. मग प्रश्न उरतो तो पाऊस किती पडतो आणि चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरवायचे, तर धरण केवढे बांधावे, हा. या प्रश्नाचे उत्तर सुरेख कल्पनेतून मिळत नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी, खडकाची पारख आणि नळ, पाती व बांध यांवर पडणाऱ्या ताणाचे गणित लागते. जीवशास्त्रज्ञाची चूक पुढील हंगामात दुरुस्त होऊ शकते. धरणाच्या बाबतीत ती सवलत नाही. म्हणूनच अभियांत्रिकीत हिशेबापेक्षा अधिक भक्कम बांधण्याची शिस्त पाळली जाते.

या योजनेचा एक परिणाम पायथ्याशी दिसून आला. वीज निर्माण करून सोडलेल्या पाण्यामुळे पाताळगंगेला बारमाही प्रवाह लाभला आणि त्या पाण्याच्या आधारे खोपोली-रसायनी पट्ट्यात कारखानदारी वाढली. कारखाने आले, लोकवस्ती वाढली, जमिनीचे मोल बदलले. येथून अभियंत्याचा हिशेब संपतो आणि समाजशास्त्राचा सुरू होतो.

माणसांचा अभ्यास

ज्या 1919 साली कर्जतला भात संशोधन सुरू झाले, त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जीव आणि त्याचा परिसर यांचे नाते पाहणारी दृष्टीच त्यांनी नगरांच्या व समाजाच्या अभ्यासात आणली.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या समाजांवर पुढे महत्त्वाचे ग्रंथ झाले. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ 1934 मध्ये, तर ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील ग्रंथ 1960 मध्ये प्रसिद्ध झाला. उल्हासच्याच काठी, पण ठाणे जिल्ह्यात असलेल्या बदलापूरचा ना. गो. चापेकर यांनी मराठीत केलेला सविस्तर अभ्यास तर त्याही आधीचा, 1933 चा. वाडीत जाणे, विश्वास संपादन करणे, घराघरांतून विचारपूस करणे, लग्नविधीपासून कर्जापर्यंत सर्व टिपणे, हीच येथील प्रयोगशाळा. माणसाला वाफ्यात लावून प्रयोग करता येत नाहीत. शिवाय विचारणारा कोण आहे हे पाहून उत्तर बदलते. सरकारी माणसाला सांगितलेले उत्पन्न आणि शेजाऱ्याला सांगितलेले उत्पन्न एकच असेल असे नाही! म्हणून एकच गोष्ट अनेकांकडून व अनेक प्रसंगी पडताळून घ्यावी लागते.

अलीकडे या शास्त्राने आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. रायगड व ठाणे जिल्ह्यांतील अनेक कातकरी कुटुंबांच्या नावे घराखालची जमीनही नाही. जमिनीचे भाव वाढताच वाडी उठविली जाण्याचे संकट उभे राहते. या प्रश्नावर डॅनियल बकल्स व राजीव खेडकर यांनी कातकऱ्यांना बरोबर घेऊन केलेला अभ्यास 2013 मध्ये ग्रंथरूपाने आला. ज्यांचा अभ्यास करायचा, तेच अभ्यासात सहभागी, असे त्याचे स्वरूप आहे.

इर्शाळवाडीचा धडा

19 जुलै 2023 च्या रात्री मुसळधार पावसात खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर वाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले. 57 जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नसल्याने मदत पथकांना पायी चढून जावे लागले. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते.

ही दुर्घटना कोणत्या शास्त्राचा विषय? भूशास्त्र सांगेल की काळ्या पाषाणावरील झिजलेला मातीचा थर पाण्याने भरला की त्याची पकड सुटते. अभियंता पाण्याचा निचरा, भिंत व रस्ता यांचा विचार करील. वनस्पतिशास्त्रज्ञ उतारावरील मुळांचे जाळे तपासील. परंतु लोक तेथे का राहत होते, याचे उत्तर या तिघांकडे नाही. वरकस जमीन, रान आणि पूर्वजांची वस्ती डोंगरावर असते, आणि पायथ्याशी स्वतःची म्हणावी अशी जागा नसते, हे समाजशास्त्रच सांगू शकते. दरडीचा नकाशा आणि वाड्यांची खानेसुमारी एकमेकांवर ठेवून पाहिल्याखेरीज धोक्याची खरी यादी तयार होत नाही.

पुनर्वसनाचेही तसेच आहे. वाचलेल्या कुटुंबांसाठी चौकजवळ सिडकोमार्फत पक्की घरे बांधण्यात आली. घर भक्कम असणे ही अभियंत्याची जबाबदारी. पण खाली आलेल्या कुटुंबाची शेती, गुरे व रोजगार यांचे काय, या प्रश्नाचा पाठपुरावा काही वर्षे करावा लागतो. तेही संशोधनच होय.

वाटा जेथे मिळतात

शास्त्रांचा हा मेळ विद्यापीठाबाहेरही घडू शकतो. कर्जत तालुक्यातील नेरळच्या सगुणाबागेत प्रयोगशील शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले ‘सगुणा भात तंत्र’ हे याचे उदाहरण आहे. यात चिखलणी व लावणी वगळून गादीवाफ्यावर बियाणे टोकतात आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवतात. या तंत्रात मातीतील जीवांचा विचार आहे, ओळीत छिद्रे पाडणाऱ्या लोखंडी साच्याचे अभियांत्रिकी कौशल्य आहे, आणि लावणीला मजूर मिळत नाहीत या सामाजिक वस्तुस्थितीची जाणही आहे.

संकरित भाताचेही असेच. वाढीव उत्पन्न हे जीवशास्त्राचे यश. परंतु त्याचे बी दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. दोन-चार खाचरांच्या धन्याला ते परवडते का, हे अर्थशास्त्राला विचारले पाहिजे. वाण केंद्रावर सिद्ध होतो. तो रुजला की नाही, हे वाडीवर ठरते.

तेव्हा एखादे संशोधन आपल्यासमोर आले, की ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणता प्रश्न दुसऱ्या शास्त्रासाठी सोडून देते, हे प्रथम पाहावे. कर्जत व खोपोलीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यातील प्रत्येक वाडीचा उतार किती, झरे कोठे फुटतात, पावसाळ्यात जमिनीला भेगा पडतात काय, घराखालची जमीन कोणाच्या नावे आहे, याची नोंद वाडीतील जाणत्यांना सोबत घेऊन एका उन्हाळ्यात करता येईल. अशी वही ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात पोहोचली, तर पुढील पावसाळ्यापूर्वी धोक्याच्या यादीत एखाद्या वाडीचे नाव वेळेवर चढेल.