उन्हाळ्याची सुटी आणि धरणाचे पाणी

शेवटचा पेपर देऊन बाहेर पडताना हातातल्या प्रश्नपत्रिकेकडे कोणी पाहत नाही. डोक्यात एकच प्रश्न असतो : आता कुठे जायचे? महाबळेश्वर खिशाला परवडत नाही आणि कोकणात आजोळ असण्याचे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. एका दिवसात परतायचे असेल तर आपले गंगापूर धरण आहेच. पण दोन रात्री निवांत घालवायच्या म्हटल्या की आपल्यापैकी पुष्कळांचा कौल भंडारदऱ्याला पडतो. मुंबई-आग्रा रस्त्याने घोटी, तेथून कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मागे टाकले की शेंडी आणि समोर जलाशय. नाशिकपासून अंतर सुमारे ७० किलोमीटर.

बेत आखण्यापूर्वी एक गोष्ट मात्र समजून घ्यायला हवी. भंडारदऱ्याचा जलाशय हा मुळात शेतीसाठी अडवलेला साठा आहे. प्रवरा नदीवरील या दगडी धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले. १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, म्हणून ते विल्सन धरण. उंची सुमारे ८२ मीटर, साठा सुमारे ११ अब्ज घनफूट. येथून सोडलेले पाणी नदीपात्राने संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून कालव्यांनी खालच्या सपाटीवरील शेतांत पोहोचते. १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो ज्या उसावर, त्या उसाची तहान या प्रवरेनेच भागवली.

पावसाळ्यात भरावे आणि उन्हाळ्यात आवर्तनागणिक रिते व्हावे, हा अशा जलाशयाचा धर्मच आहे. त्यामुळे कॅलेंडरवरच्या चित्रातील काठोकाठ भरलेला तलाव मे महिन्यात दिसणार नाही. पाणी मागे सरलेले असते आणि मध्ये भेगाळलेल्या गाळाचा पट्टा पसरलेला असतो. ज्याला हे ठाऊक नसते तो हिरमुसतो. ज्याला ठाऊक असते तो पहाटेची आणि संध्याकाळची वेळ काठावर काढतो, दुपारी झाडाखाली ताणून देतो आणि एक दिवस रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी राखून ठेवतो. मंदिराच्या सावलीत, रतनगडाकडे पाहत बसले की भर दुपारीही जीव थंड होतो.

पोहण्याचा मोह मात्र आवरावा. गाळ वरून कोरडा दिसतो, पण पाय घातला की गुडघ्यापर्यंत रुततो. बुडालेली जमीन उंचसखल असल्याने दोन पावलांवर कमरेइतके पाणी डोक्यावर जाते. वर्गात पहिला येणारा आणि नदीत पोहायला शिकलेला, दोघांनाही हा नियम सारखाच. नावेत बसायचे तर अंगात जीवरक्षक जाकीट असलेच पाहिजे.

आता राहण्याचे. शासनाचे पर्यटक निवास आहे, पण गावातल्या घरी उतरलात तर भाकरी, पिठले आणि गप्पा तिन्ही मिळतात. गेल्या मे महिन्यात आम्ही पाच जण असेच एका घरी उतरलो होतो. जेवणे झाल्यावर परोपकाराच्या भरात आम्ही रांजणातले पाणी घेऊन ताटे घासायला बसलो. घरच्या मावशींनी काहीही न बोलता हातातला तांब्या काढून घेतला आणि ताटे राखेने घासून ओंजळभर पाण्यात विसळली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्यामागे हंडा घेऊन गेलो तेव्हा उलगडा झाला. विहीर आटली होती, काठ मागे सरला होता आणि दर खेपेला गाळ ओलांडून जावे लागत होते. एवढा मोठा जलाशय डोळ्यांसमोर, आणि घरात पाणी मोजून वापरायचे! तो हंडा मला अर्ध्या वाटेत खाली ठेवावा लागला, हेही कबूल करतो.

मेअखेरीस वळवाचे ढग जमू लागले की येथे काजव्यांचा हंगाम सुरू होतो. हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर ते लुकलुकतात. ही लुकलुक म्हणजे नर-मादीची परस्परांना दिलेली खूण. गाड्यांचे दिवे आणि विजेऱ्या यांच्या उजेडात ती खूण हरवते, पायदळी तुडवल्याने जमिनीवरील काजवे मरतात, आणि पुढची पिढी तेवढी घटते. हा सारा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातला. तेव्हा शनिवार-रविवार टाळावा, गाडी दूर उभी करावी, विजेरीला तांबडा कागद लावून ती जमिनीकडे धरावी आणि पायवाट सोडू नये. अंधारात दहा मिनिटे गप्प बसणे आपल्यासारख्यांना अवघड. पण त्याचे फळ लगेच मिळते.

थोडक्यात बेत असा : पाच-सहा जणांपेक्षा मोठा घोळका नको, निघण्यापूर्वी पाण्याची स्थिती विचारून घ्यावी, आपले पिण्याचे पाणी शक्य तेवढे बरोबर न्यावे, कचरा पिशवीत भरून परत आणावा, आणि यजमानांना ठरल्यापेक्षा चार पैसे अधिक द्यावेत.

विसावा घ्यायला आपण ज्या पाण्याकाठी जातो, ते कुणाच्या तरी शेताचे आणि कुणाच्या तरी हंड्याचे असते. आपल्या नाशिकच्या नळाला येणारे गंगापूरचे पाणीही याला अपवाद नाही. भंडारदऱ्याहून परतल्यावर आमच्या घरी दात घासताना नळ उघडा राहत नाही. आईला वाटते, सुटीत मुलगा सुधारला. मी तिचा समज तसाच राहू दिला आहे.