मायक्रोसेकंदाचे गणित

वीजवाहिनीवर बिघाड कोठे झाला, हे शोधण्यासाठी त्याची लहर दोन्ही टोकांना केव्हा पोहोचली, याची तुलना करतात. ही लहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, सुमारे ३०० मीटर धावते. दोन घड्याळांत एवढाच फरक पडला, तरी बिघाडाची जागा सुमारे १५० मीटरने चुकते.

अशा मोजमापासाठी तळहाताएवढे संगणक वापरायचे, तर नेटवर्कवरून वेळ घेण्याची नेहमीची एनटीपी पद्धत अपुरी पडते. तीत संदेश आल्याची वेळ सहसा सॉफ्टवेअर नोंदवते. प्रोसेसर अन्य कामात गुंतलेला असल्यास नोंदीला विलंब होतो आणि तो दर वेळी वेगळा असतो. २००२ मधील आयईईई १५८८ मानकातील पीटीपी पद्धतीत ही नोंद नेटवर्कचे हार्डवेअरच करू शकते.

रास्पबेरी पाय ४ मध्ये ही सोय नाही. कॉम्प्युट मोड्यूल ४ (२०२०) आणि रास्पबेरी पाय ५ (२०२३) मध्ये आहे. लिनक्सवर 'पीटीपी-फोर-एल' हा प्रोग्राम नेटवर्क हार्डवेअरमधील घड्याळ जुळवतो, तर 'पीएचसी-टू-सिस' ती वेळ संगणकाच्या मुख्य घड्याळाला देतो. दुसरा प्रोग्राम सुरू करण्याचे राहिले, तर अचूक वेळ हार्डवेअरमध्येच अडकून राहते आणि नोंदी चुकतच राहतात.