अंगणातला लोखंडी पाळणा

कोंबडी भाजायचं यंत्र तुम्ही बसस्टँडसमोरच्या हॉटेलाबाहेर पाहिलं असेल. काचेच्या पेटीत आडव्या सळईला कोंबड्या ओवलेल्या, सळई सावकाश फिरते आणि आच सगळीकडून सारखी लागते. त्याला म्हणतात रोटिसरी. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, तरी गेल्या वर्षी खामगावातल्या आमच्या अंगणात एक रोटिसरी उभी राहिली. तिला ओवली होती सासऱ्यांची १९८१ सालची प्रीमियर पद्मिनी.

पद्मिनी म्हणजे आपली फियाटच. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४पासून फियाट नावानं बनू लागली. १९७४पासून तिचं नाव पद्मिनी झालं, चितोडच्या राणीवरून. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही याच. त्यातली शेवटची ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या काळी पैसे भरून गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. सासऱ्यांचा नंबर लागला तेव्हा सासूबाईंनी गाडीला ओवाळलं होतं, तो फोटो अजून देवघराशेजारी आहे. माझ्या दोन्ही नणंदांची पाठवणी याच गाडीतून झाली. बोथ्याच्या घाटात हिचं इंजिन तापायचं, मग सगळे खाली उतरून डबा खायचे, ही गोष्ट लग्न होऊन आल्यापासून मी इतक्यांदा ऐकलीय की मीच तिथे होते असं वाटतं.

गेली बारा-तेरा वर्षं गाडी मागच्या गोठ्याला लागून उभी होती. वरून ठीक दिसायची. पण मोटार गंजते ती खालून. पायाखालच्या मॅटखाली पाणी मुरतं, तळाच्या खाचांमध्ये चिखल बसतो, त्यात गोठ्याची ओल. आम्ही मॅट उचलली आणि ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो पापडातून जावा तसा आरपार गेला.

भंगारवाला दोनदा येऊन गेला. तो वजनावर भाव सांगत होता. सासरे त्याच्यासमोर काही बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवले नाहीत. त्यांचं वय आता चौऱ्याऐंशी. "एकदा शेगावले जाऊन येऊ हिच्यात, मंग काय करायचं ते करा," एवढंच त्यांचं म्हणणं.

आता करायचं कसं? तळाचा सडका पत्रा कापून नवा जोडायचा तर वेल्डरनं जॅकवरच्या गाडीखाली उताणं झोपून काम करायचं. ठिणग्या तोंडावर, गंजाची पूड डोळ्यांत. आमच्याच भागात जॅक सटकून एका तरुण मुलाचा हात कायमचा अधू झालाय. हे म्हणाले, मीच झोपतो खाली, वेल्डरला मदत होईल. मी म्हटलं, गाडी गेली तरी चालेल, पण तुम्ही तिच्याखाली झोपायचं नाही. चार दिवस घरात अबोला होता.

मार्ग निघाला तो रोटिसरीचा. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे लोक जगभर हीच युक्ती वापरतात. इंजिन, चाकं, दारं, काचा, सीटा सगळं उतरवायचं आणि उरलेला नुसता सांगाडा पुढून-मागून दोन खांबांवर असा अडकवायचा की तो आडव्या आसाभोवती फिरवता येईल. तळ समोर आला की उभ्यानं काम करायचं, भिंत रंगवावी तसं. विकत घ्यायला महाग पडते म्हणून बरेच जण घरीच बनवतात. आपल्याकडे नाल ठोकायला बैल आडवा पाडतातच की! हेही तसंच, फक्त बैल लोखंडाचा.

आमच्या ओळखीचे एक वेल्डर दादा गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, उंची किती ठेवायची?" खांब बुटके झाले तर गाडी फिरताना तिचा कोपरा जमिनीला आपटणार, फार उंच केले तर सगळंच डळमळणार. इथे माझं शिवणकाम कामी आलं. मी टेपनं सांगाड्याची मापं घेतली आणि अंगणात खडूनं समोरून दिसणारा त्याचा आकार होता तेवढ्याच मापाचा काढला. आस जिथे येणार तिथे खिळा ठोकून दोरा बांधला आणि मोठ्या रांगोळीचं वर्तुळ काढतो तसा फिरवला. सगळ्यात लांबचा कोपरा आला दोन फूट अकरा इंचांवर. म्हणून आस जमिनीपासून साडेतीन फुटांवर घ्यायचा ठरला. दादा खडूच्या त्या गाडीकडे बघत म्हणाले, "हे बेस केलं ताई तुमी."

जाड चौकोनी पाइपचे दोन खांब, प्रत्येकाच्या खाली रुंद पाया. दोन्ही पाये एकमेकांपासून सरकू नयेत म्हणून मधून एक लांब पाइप नटबोल्टनं जोडलेला. खांबाच्या डोक्यावर आडवी गोल नळी, तिच्यात बरोबर बसणारी दुसरी नळी, मध्ये भरपूर ग्रीस. बेअरिंग वगैरे काही नाही. आतल्या नळीला एक चौकट, ती गाडीच्या बंपरच्या जागी बोल्टनं कसायची. आणि एका टोकाला भोकं पाडलेली जाड चकती. पाहिजे त्या कोनात गाडी थांबवली की भोकातून खिळ घालायची. ती खिळ घातल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला नियम.

सांगाडा उचलण्याआधी दादांनी दारांच्या रिकाम्या जागेत आडवे-तिरपे पाइप जोडून घेतले. ट्रकला खाली वेगळी चॅसी असते. फियाटला तशी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. आधार न देता तळ कापला तर गाडी मधात वाकते, मग दारं कधीच बरोबर लागत नाहीत. पेट्रोलची टाकीही आधीच काढून लांब नेऊन ठेवली. रिकामी टाकी तर जास्तच धोक्याची, कारण आत वाफ कोंडलेली असते. गाडीचा चॅसी नंबर ज्या पत्र्यावर ठोकलेला असतो तोही कापायचा नाही. तो गेला तर आरटीओत गाडीची ओळखच जाते.

पहिल्यांदा गाडी फिरवली त्या दिवशी गल्ली गोळा झाली होती. खरी गोम वजनाची. आस जड भागाच्या खाली आला तर गाडी थोडी कलताच आपोआप पूर्ण उलटते आणि मध्ये येईल त्याला घेऊन जाते. आस फार वर असेल तर ती झोपाळ्यासारखी परत जागेवर येते, फिरतच नाही. म्हणून चौकटीत वरखाली भोकं ठेवून आस सरकवायची सोय केली होती. चेनपुली वरून बांधलेलीच होती. चौघांनी धरून गाडी जरा कलवली, ती पुढेच जाऊ बघायला लागली. आस एक भोक वर घेतला. पुन्हा कलवली. अजून एक भोक. तिसऱ्या वेळी ती हळूच जागेवर परत आली, आणि दादा म्हणाले, "आता बराबर." मग माझ्या नववीतल्या लेकीनं एका हातानं ती गाडी उलटी केली! ओसरीवर बसलेले सासरे हसायला लागले. "काहून वो सूनबाई, गाडीले पाळण्यात घातलं का?" तेव्हापासून तो पाळणाच.

पुढचे तीन महिने मी दुपारी शिवणकाम आटोपून पाळण्यापाशी जायचे. वायर ब्रशनं गंज घासणं हे फार कंटाळवाणं काम आहे, त्यात काही गोडी नाही. पण उभ्यानं होतं. कंबर दुखत नाही, आणि एक-एक कोपरा नीट दिसतो. दादा सडका पत्रा कापून नवा जोडायचे, मी आणि लेक घासून, पुसून त्यावर रेड ऑक्साइडचा हात द्यायचो. कुणी करणार असाल तर सांगते: सुती कपडे घाला, पदर-ओढणी नको, नायलॉन तर नकोच, ठिणगी पडली की अंगाला चिकटतं. डोळ्यांना गॉगल, नाकाला चांगला मास्क. आणि पाळण्याला जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वापरू नका. वेल्डिंगच्या वेळी त्याचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो.

खर्चाचं विचाराल तर पाळण्याला साडेअठरा हजार लागले, पाइप, बोल्ट आणि मजुरी धरून. ती माझी भिशी होती. जाऊबाई म्हणाल्या, एवढ्यात दोन पाटल्यांची घडणावळ झाली असती. झाली असती खरी. गाडीचा बाकीचा खर्च ह्यांच्याकडे, तो मी विचारत नाही.

कागदांचंही बघावं लागतं. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. २०२२मध्ये त्याची फी ६०० रुपयांवरून ५००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५मध्ये आणखी वाढली. पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांसाठी २०२१पासून विंटेजची वेगळी नोंदणी आहे, त्यात आमची अजून बसत नाही. शिवाय आरटीओत गाडी नेऊन तपासून घ्यावी लागते ती वेगळीच. तळ पक्का असल्याशिवाय तिथे जाण्यात अर्थ नव्हता.

आता तळ पक्का झालाय. गाडी पाळण्यावरून उतरून आपल्या चाकांवर उभी आहे, इंजिनाचं काम अकोल्याला चाललंय. सासरे रोज सकाळी काठी टेकत जातात, पुढच्या सीटवर बसतात आणि तिथेच पेपर वाचतात. पाळण्याचे बोल्ट खोलून आम्ही तो भिंतीला लावून ठेवला होता. मागच्या आठवड्यात मेहकरहून एक जण विचारत आले, त्यांच्याकडे जुनी जीप आहे. दादांनी त्यांना आधीच सांगितलं होतं म्हणे, ताईंना विचारा, पाळणा त्यांचा आहे. मी महिन्याचं भाडं सांगितलं, आणि खिळीचा नियमही.